छोटा हत्ती घ्यायचाय? मग आधी कागदांचा क्रम बघा

छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस टेम्पो. गाडी नवी कोरी. पुढच्या काचेखाली झेंडूचा हार, त्याखाली लिंबू-मिरची, मागच्या फाळक्यावर ‘आईचा आशीर्वाद’ ताजा रंगवलेला. करवीर तालुक्यातला पोरगा कोल्हापूरच्या मार्केट यार्डात, टेम्पोवाल्यांचे फॉर्म भरून देणाऱ्या आमच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “काका, काल गाडी उचलली. आता तेवढं महामंडळाचं पत्र काढून द्या की.”

पत्र काढून उपयोग नव्हता. तो दोन महिने आधी आला असता तर होता.

टेम्पोवाल्यांचे फॉर्म भरायला बसलो की दिसतं ते असं: अर्ज फेटाळला जातो तो माणूस अपात्र असतो म्हणून क्वचितच. वय असतं, लायसन्स असतं, पॅन-आधार असतं. अडतं ते क्रमात, एखाद्या चुकीच्या वाचलेल्या आकड्यात, नाहीतर नावातल्या एका अक्षरात. म्हणून इथे अडण्याच्या जागांवरच जास्त लिहितो.

पत्र आधी, कर्ज नंतर

अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची वैयक्तिक व्याज परतावा योजना मराठा समाजातल्या आणि ज्यांच्यासाठी वेगळं महामंडळ नाही अशा घटकांतल्या तरुणांसाठी आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. आधार, रहिवासाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा आयकर विवरणपत्र आणि धंद्याचा छोटा प्रकल्प अहवाल जोडून ऑनलाइन अर्ज करायचा. मग पात्रतेचं पत्र येतं. त्याला सगळे एलओआय म्हणतात. ते हातात पडल्यावर बँकेत जायचं, कर्ज मंजूर करून घ्यायचं आणि त्यानंतर गाडी. शोरूममधला सेल्समन ‘ऑफर आजचीच आहे’ म्हणतो, फायनान्सवाला तिथंच खुर्ची टाकून बसलेला असतो, आणि क्रम तिथंच उलटा होतो. कर्जाची तारीख पत्राच्या आधीची निघाली की पुढचं सगळं कोसळलं.

दुसरी गैरसमजूत म्हणजे ‘सबसिडी’. या योजनेत मुद्दलातला एक रुपयाही माफ होत नाही. हप्ता आधी तुम्ही पूर्ण भरायचा, वेळेवर भरायचा, बँकेचं स्टेटमेंट पोर्टलवर चढवायचं आणि मग त्यातलं व्याज खात्यावर परत येतं. हप्ता थकला तर त्या हप्त्याच्या व्याजावर पाणी. पहिले काही महिने परतावा येणारच नाही असं धरून खिशाचं गणित मांडा. शिवाय कर्ज कोअर बँकिंग असलेल्या बँकेचं लागतं. गावातल्या पतसंस्थेचा चेअरमन ओळखीचा असला तरी त्या ओळखीचा इथे उपयोग नाही.

मुद्रा कर्जात असं पत्र वगैरे नाही. शिशू 50,000 पर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत. तारण मागायचं नाही असा नियम आहे. पण मुद्रा म्हणजे वेगळी बँक नव्हे, तुमचीच शाखा ते देते. डीलरचं कोटेशन, उद्यम प्रमाणपत्र (छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचा कागद) आणि सहा महिन्यांचा खातेउतारा घेऊन जा. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते आणि कागद एकही चढवावा लागत नाही. ‘उद्यम’ नाव लावून हजार-दोन हजार मागणाऱ्या साइट्स पायलीला पन्नास आहेत, तिकडे फिरकू नका.

आडनाव आधी की शेवटी

हसू येईल, पण सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. आधारवर आडनाव शेवटी, पॅनवर आधी. लायसन्सवर वडिलांच्या नावात एक ‘एच’ जास्त. शाळेच्या दाखल्यावर घरचं लाडाचं नाव. मराठी माणसाला यात वावगं काही दिसत नाही. पोर्टलला मात्र हे तीन वेगळे इसम वाटतात, आणि ते तसं सांगतही नाही. ‘तपशील जुळत नाही’ एवढं एक लाल वाक्य येतं. कुठला तपशील, कशाशी जुळत नाही, हे तुम्ही शोधायचं.

म्हणून गाडीचं कोटेशन घेण्याआधी एक संध्याकाळ बसा आणि आधार, पॅन, लायसन्स, बँक पासबुक शेजारी शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून बघा. पॅन दुरुस्त करून आधारप्रमाणे करणं सहसा सोपं जातं. आधारला चालू मोबाईल जोडलेला हवा, कारण पुढे जागोजागी ओटीपी आहे. भावाचा किंवा मेव्हण्याचा नंबर देऊ नका. आमच्याकडे एका गड्याचा ओटीपी दुबईला जायचा.

टन कुठला मोजायचा

‘तीन टनांच्या आत परमिट लागत नाही’ हे सगळ्यांना पाठ आहे आणि निम्म्यांनी ते चुकीचं पाठ केलं आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 66 मध्ये सूट आहे ती ग्रॉस व्हेईकल वेट (जीव्हीडब्ल्यू) 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला. ग्रॉस म्हणजे रिकामी गाडी अधिक माल, असं एकूण वजन. आपल्याकडे बोलताना माणूस सांगतो ‘दीड टनी गाडी’, म्हणजे मालाचं वजन. आता रिकामी गाडी सतराशे किलोची आणि माल पंधराशे किलोचा धरला तर बेरीज 3,200. सूट गेली. छोटा हत्ती आरामात आत बसतो. पिकअपच्या बाबतीत एकाच कंपनीचं एक मॉडेल आत आणि दुसरं बाहेर असू शकतं. माहितीपत्रकातलं जीव्हीडब्ल्यू वाचा, पेलोड (नुसत्या मालाचं वजन) नको.

तीन हजारांच्या वर गेलात तर आरटीओकडून मालवाहतुकीचं राज्य परमिट काढायचं. राज्याबाहेर नियमित जायचं असेल तर नॅशनल परमिट, त्याची एकत्रित फी वर्षाला 16,500 रुपये. परमिटशिवाय सापडलात तर दंड 10,000 रुपयांचा आहे, त्यामुळे ‘बघू नंतर’ परवडत नाही. आणि कोल्हापूरकरांसाठी खास: निपाणी आपल्याला घरासारखी असली तरी ते दुसरं राज्य आहे, कर्नाटक. परमिट माफ म्हणजे दुसऱ्या राज्याचा करही माफ, असं नव्हे. सीमेवरचं कागल सोडण्याआधी परिवहनच्या पोर्टलवर चेकपोस्ट टॅक्सचं पान उघडून बघा.

कराचंही असंच. जुने टेम्पोवाले सांगतात तो वर्षाचा कर आता हिशोबात धरू नका. 2025-26 च्या राज्य अर्थसंकल्पाने 7,500 किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या 7 टक्के एकरकमी कर लावला. ऑनरोड किमतीत हा धक्का बसतो, आणि कर्ज एक्स-शोरूमवर, म्हणजे कर-विम्याआधीच्या किमतीवर, मंजूर झालेलं असतं.

लायसन्स

साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार गाडीच्या, लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं आणि 6 नोव्हेंबर 2024 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायम केलं. तेव्हा ‘बॅज नाही (लायसन्सवर व्यावसायिक गाडीची वेगळी नोंद नाही) म्हणून क्लेम नाही’ असं इन्शुरन्सवाल्या कोणी तोंडावर फेकलं तर लगेच मान खाली घालू नका. मात्र मालवाहू गाडीला किमान वय 20 आहे, 18 नव्हे. आणि आठवी पासची अट 2019 मध्येच गेली. अजूनही लोक शाळेत दाखल्यासाठी खेटे घालतात, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे खोटा दाखला विकत घेतात. गरज नसलेल्या कागदासाठी गुन्हा!

पासिंग आणि इन्शुरन्स

नोंदणीचे फॉर्म 20, 21, 22 आणि कर्ज असेल तर 34 हे काम डीलर करतो. तुम्ही फक्त सह्या करताना चासी नंबर ताडा. पाटी पिवळी, अक्षरं काळी. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं मारू नका, अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी पहिलं बोट तिथं ठेवते.

नव्या गाडीला दोन वर्षं फिटनेस मिळतो, मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. तपासणीत गाड्या परत पाठवल्या जातात त्या इंजिनामुळे नव्हे. रिफ्लेक्टर टेप सोललेली, 80 च्या स्पीड गव्हर्नरची वायर काढून ठेवलेली, आणि फाळक्यांवर अँगल जोडून उंची वाढवलेली. शेवटचं सगळ्यात जास्त. वैरणीचे भारे, भुश्याची पोती, रिकामे क्रेट असा हलका आणि फुगीर माल असला की प्रत्येकाला फाळका फूटभर उंच हवा असतो. नोंदणीनंतर परवानगीशिवाय बॉडी बदलता येत नाही. वेल्डिंगवाल्याला याचं काही देणंघेणं नसतं, त्याचे पैसे त्याला मिळालेले असतात.

थर्ड पार्टीवर भागवू नका. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. पाण्यात बसलेल्या गाडीला थर्ड पार्टी पॉलिसी दमडी देत नाही. मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात संरक्षण आहे का बघा. हमाल सोबत नेणार असाल तर त्यांचा जादा प्रीमियम भरा, रक्कम किरकोळ असते. आणि चैत्र यात्रेला जोतिबाला पाच-पंचवीस माणसं मागे बसवून नेणं थांबवा. मालगाडीतल्या प्रवाशांची जबाबदारी पॉलिसी घेत नाही, ती तुमच्या घरादारावर येते.

जुनी गाडी घेत असाल तर

मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30, बँकेचा बोजा असेल तर 35 आणि बँकेचं ना हरकत पत्र. हे सगळं पैसे देण्याआधी. ‘नावावर नंतर करू, घरचाच माणूस आहे’ या वाक्याने इथे भाऊबंदकी झालेली आहे. आरसीवर ज्याचं नाव, त्यालाच कायदा मालक धरतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. म्हणजे विकणाऱ्यानेही घाई करायची आहे, फक्त घेणाऱ्याने नव्हे. पॉलिसी नावावर करायला 14 दिवस असतात. थकलेली ई-चलनं गाडी नंबर टाकून आधी बघून घ्या. फास्टॅगही बदला. छोट्या हत्तीचा टॅग आणि मोठ्या गाडीचा टॅग वेगळ्या वर्गाचे असतात, चुकीचा निघाला की किणी टोल नाक्यावर मागची रांग तुमचा उद्धार करते.

‘जीएसटी नंबर आणा’

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कास्टिंगचं भाडं मागायला गेलात की अकाउंटवाला पहिलं हे म्हणतो, आणि माणूस घाबरून नोंदणी करून बसतो. मग धंदा नसलेल्या महिन्यांचीही शून्याची रिटर्न भरायची, विसरली की लेट फी.

नियम असा: जो कन्साइनमेंट नोट, म्हणजे आपली बिल्टी, फाडतो ती जीएसटीच्या भाषेत गुड्स ट्रान्सपोर्ट एजन्सी. जो बिल्टी देत नाही, नुसती स्वतःची गाडी चालवून माल पोचवतो, त्याच्या रस्त्यावरच्या मालवाहतुकीला जीएसटी माफ आहे. एखाद्या ट्रान्सपोर्ट कंपनीला गाडी भाड्याने लावलीत तर तेही माफ. म्हणून प्रिंटरकडे जाऊन हौसेने ‘अमुक ट्रान्सपोर्ट’ची बिल्टी बुकं छापू नका. साधी भाडे पावती पुरते.

ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा ऑनलाइन पास, मात्र बघूनच गाडी हलवा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल 1 लाखावर गेला तर लागतं, राज्याबाहेर 50,000 वर. म्हणजे चाळीसेक किलोमीटरवरच्या निपाणीला साठ हजारांचा माल नेताना लागतं आणि पावणेचारशे किलोमीटरवर मुंबईला तेवढाच माल नेताना नाही. इचलकरंजीच्या सुत-कापडाला जॉबवर्कसाठी (दुसऱ्याकडे मजुरीवर काम करून घ्यायला) राज्यातल्या राज्यात 50 किलोमीटरपर्यंत सूट आहे, पण फक्त जॉबवर्कसाठी. विकलेला तागा त्यात येत नाही. बिल मालवाला काढतो, अडकते गाडी. पार्ट-बी मध्ये, म्हणजे बिलातल्या गाडीच्या भागात, तुमचाच गाडी नंबर आहे ना बघा. वाटेत गाडी बंद पडून माल दुसऱ्या टेम्पोत भरला तर तिथं उभं राहूनच नंबर बदलून घ्या.

दोन हजारांतले वीस

शेवटचा कागद एका पानाचा आहे आणि तो जवळजवळ कोणाकडेच नसतो. कंपनी दोन हजारांच्या भाड्यातून वीस रुपये टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते, पोरगं म्हणतं, “चालायचंच.” चालायचं कशाला? दहा किंवा कमी मालगाड्या असलेल्या वाहतूकदाराने पॅनसह तसं लेखी दिलं की टीडीएस कापायचा नसतो. पत्रात नाव, पॅन, गाडी नंबर, ‘या आर्थिक वर्षात माझ्याकडे दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नाहीत’ हे वाक्य, तारीख आणि सही. वर्ष बदललं की एप्रिलमध्ये नवं द्यायचं.

आणि विवरणपत्र भरा. ज्याला सगळे 44एई म्हणतात त्या तरतुदीत छोट्या गाडीचं उत्पन्न महिन्याला 7,500 रुपये धरून दाखवता येतं, वह्या ठेवायची सक्ती नाही. वर्षाचे 90,000 होतात, दुसरं उत्पन्न नसेल तर कर शून्य. ‘कर नाही तर भरू कशाला’ असं म्हणणारेच दुसऱ्या गाडीच्या वेळी मागच्या दोन वर्षांची रिटर्न शोधत आमच्याकडे येतात. मागची वर्षं आम्हाला छापून देता येत नाहीत.