घराचे दान : पुण्यातील बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र

आपले राहते घर, वाड्यातला हिस्सा किंवा जमीन गरजूंच्या निवाऱ्यासाठी सार्वजनिक न्यासाला, म्हणजे ट्रस्टला, देणे म्हणजे घराचे दान. ते हयातीत करायचे तर नोंदणीकृत बक्षीसपत्राने होते आणि पश्चात करायचे तर मृत्युपत्राने. बोलताना ‘फ्लॅट संस्थेला दिला’ एवढ्यावर विषय संपतो. कागदावर मात्र या दोन वाटांमध्ये काही लाखांच्या मुद्रांक शुल्काचा फरक पडतो, आणि भाचे-पुतणे कोर्टात जाण्याची शक्यताही दोन्हींत सारखी नसते.

पुण्याला जागा देण्याची सवय जुनी आहे. धोंडो केशव कर्वे यांच्या विधवांच्या आश्रमासाठी रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जागा आणि झोपडीसाठी ७५० रुपये दिले. आश्रम १९०० साली तिथे गेला. आज त्या परिसराला कर्वेनगर म्हणतात. खेड्यातून शिकायला येणाऱ्या मुलांच्या निवासाचा प्रश्न १९५५ पासून विद्यार्थी साहाय्यक समितीने देणग्यांवर उचलला. नवी पेठेतला ‘निवारा’ वृद्धाश्रम म्हणजे डेव्हिड ससून यांच्या नावाचे जुने अनाथ पंगुगृह. १९६९ मध्ये आगाखान पॅलेस गांधी स्मारकासाठी दिला गेला. या यादीत विद्यार्थी आहेत, विधवा आहेत, वृद्ध आहेत. कमी पगारावर संसार करणारे साधे कुटुंब मात्र क्वचितच दिसते. त्याच्या घराची जबाबदारी पुण्याने बहुतेक सरकारवर सोडली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर उभी राहिलेली गोखलेनगर, लोकमान्यनगर ही वसाहतींची नावे याची साक्ष आहेत. पुढे म्हाडाची सोडत, झोपडपट्टी पुनर्वसन, आणि २०१३ पासून मोठ्या भूखंडांवरच्या प्रकल्पांत छोट्या घरांसाठी २० टक्के वाटा, असा तोच सरकारी धागा चालत आला.

बक्षीसपत्राचे नियम मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मध्ये आहेत. दात्याची सही, दोन साक्षीदार आणि नोंदणी या तिन्ही गोष्टी लागतात. शिवाय घेणाऱ्याने दाता हयात असतानाच दान स्वीकारावे लागते. न्यासाच्या बाबतीत याचा अर्थ विश्वस्त मंडळाचा ठराव आणि दुय्यम निबंधकासमोर अधिकृत विश्वस्ताची सही. ठराव ‘पुढच्या मीटिंगला करू’ म्हणून राहिला आणि दरम्यान दाता गेला, तर हातात उरते ती चांगली इच्छा.

खर्चाची गोष्ट इथे येते. राहते घर मुलाला, मुलीला, नातवंडांना बक्षीस द्यायचे तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये. तेच घर न्यासाला द्यायचे तर खरेदीखताइतके. पुणे महापालिका हद्दीत ५ टक्के मूळ शुल्क, १ टक्का स्थानिक संस्थेचा अधिभार आणि १ टक्का मेट्रोचा, म्हणजे ७ टक्के. कोथरूडच्या एखाद्या जुन्या दोन खोल्यांच्या फ्लॅटचे रेडी रेकनरने मूल्य ८० लाख धरले, तर शुल्क ५ लाख ६० हजार. नोंदणी फी वेगळी. घर फुकट द्यायला साडेपाच लाख मोजावे लागतात, हे ऐकून दात्याचा चेहरा पडतो. शुल्क माफ करण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार शासनाला आहे, पण तो आपोआप लागू होत नाही. पुण्यात न्यासाला घर देणारे बहुतेक लोक शेवटी मृत्युपत्राकडे वळतात, त्यात या आकड्याचा हात मोठा आहे.

तरीही बक्षीसपत्राची एक सोय फार कमी जणांना ठाऊक असते. मालकी आज न्यासाला द्यायची आणि राहण्याचा तहहयात हक्क स्वतःकडे, जोडीदाराकडे ठेवायचा. ताबा लगेच दिला नाही म्हणून असे बक्षीसपत्र बाद होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आहे. आजी त्याच स्वयंपाकघरात चहा करते, दारावरची पाटी तीच राहते. इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्यावर, मात्र नाव संस्थेचे येते. अंथरुणाला खिळलेल्या दात्यासाठी निबंधक घरी येऊ शकतो. मग पलंगाच्या कडेला कॅमेरा आणि अंगठ्याचे यंत्र मांडले जाते, आणि ‘हे तुम्ही स्वखुशीने देताय ना?’ हा प्रश्न शेजारच्या खोलीतल्या नातेवाइकांनाही ऐकू जातो. पुढच्या वादात त्या प्रश्नाचा उपयोग होतो. पण एकदा दिलेले नीट केलेले बक्षीस मन बदलले म्हणून परत घेता येत नाही. ज्याला म्हातारपणी याच घरावर कर्ज काढावे लागेल किंवा ते विकून उपचार करावे लागतील, त्याने ही वाट धरू नये.

मृत्युपत्र त्या मानाने मोकळे. मुद्रांक शुल्क नाही, साध्या कागदावर चालते, कितीदाही बदलता येते. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी ऐच्छिक आहे. संस्थेला देताना ती करून घेतलेली बरी, कारण मृत्युपत्राचे वय, सही आणि दात्याची शुद्ध यांवर शंका घेणारे तेरावा संपायच्या आत उभे राहतात. डॉक्टरचा दाखला कायद्याने सक्तीचा नाही, पण पुण्यातले वकील तो मृत्युपत्रालाच जोडायला सांगतात. प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाकडून शिक्कामोर्तब करून घेण्याची, सक्ती मुंबईच्या मालमत्तेसाठी डिसेंबर २०२५ पर्यंत होती; पुण्यातल्या मालमत्तेला ती तेव्हाही नव्हती. वाद उभा राहिला तर मात्र कोर्टाची पायरी चुकत नाही.

मृत्युपत्रे फसतात ती बहुधा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर. ‘माझे घर गरिबांच्या घरांसाठी द्यावे’ असे लिहिले आणि न्यासाचे नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता लिहिलाच नाही. मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक नेमला नाही, म्हणून किल्ली कोणी कोणाला द्यायची हेच ठरत नाही. सोसायटीत नॉमिनेशन पुतण्याच्या नावे, आणि मृत्युपत्र संस्थेच्या. नॉमिनी हा मालक नसतो, तो वारसदाराचा निकाल लागेपर्यंतचा विश्वस्त, हे कायद्यात स्पष्ट आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीला ते पटवायला वर्ष जाते. मुस्लिम दात्याला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येते. ख्रिस्ती दात्यांच्या धर्मादाय मृत्युपत्रावर जुन्या कायद्याचे जाचक बंधन होते; सर्वोच्च न्यायालयाने ते २००३ मध्ये घटनाबाह्य ठरवले.

पेठांतल्या वाड्यांचे प्रकरण वेगळेच. वडिलोपार्जित वाड्यातला अविभक्त हिस्सा इतर सहदायकांच्या, म्हणजे जन्माने वाटेकरी असलेल्यांच्या, संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही, पण तोच हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर, लग्न होऊन गेलेल्या बहिणीही या हिशेबात आल्या. वाड्याबरोबर भाडेकरूही येतात, महिना काही रुपये भाडे भरणारे, भाडे नियंत्रण कायद्याने संरक्षित. न्यासाला न्यासाच्या कामासाठी जागा हवी असल्यास ती मागता येते, पण दावा लावूनच. आणि परवडणाऱ्या घरांसाठी काम करणारी संस्था आधीच परवडणाऱ्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या भाडेकरूला बाहेर काढते आहे, हे चित्र कोणत्याही विश्वस्ताला नको असते.

शेतजमीन देण्याच्या भानगडीत शहरी दात्याने सहसा पडू नये. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला, म्हणजे न्यासालाही, शेतजमीन परवानगीशिवाय देता येत नाही. सातबाऱ्यावर ‘वर्ग २’ किंवा ‘नवीन शर्त’, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी बंधन, दिसले की परवानग्यांत भर पडते.

फ्लॅट हाती आल्यावर संस्था त्याचे काय करते? दात्याच्या डोळ्यांपुढे असते एक गरीब कुटुंब, आपल्याच गॅलरीत वाळत घातलेले त्यांचे कपडे. व्यवहारात कोथरूडचा एक फ्लॅट एका कुटुंबाला देणे संस्थेला महागात पडते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनवापर शुल्क लावते. महापालिकेच्या मिळकतकरात स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्क्यांची सवलत भाडेकरू ठेवल्यावर जाते. दुरुस्ती असतेच. त्यामुळे शहाणी संस्था फ्लॅट विकून तो पैसा शहराच्या कडेच्या अनेक घरांच्या दुरुस्तीला, भिंतींना, संडासांना लावते. दात्याला हे आधीच सांगितले पाहिजे; पुण्यात ते बरेचदा सांगितले जात नाही.

करसवलतीबद्दलचा गैरसमजही इथेच फुटतो. घर दिले म्हणून ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत, मिळत नाही. ती सवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूला नाही, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीलाही नाही. बक्षीस किंवा मृत्युपत्राने दिलेल्या घरावर व्यक्तीला भांडवली नफ्याचा कर लागत नाही, एवढाच दिलासा. स्वतः विकून चेक दिला तर ८०जीची पावती मिळते, तीही जुन्या करप्रणालीत असणाऱ्यालाच उपयोगी. विक्रीवरचा कर मात्र दात्याच्या माथी. मुले परदेशी नागरिक झालेली असतील आणि आईवडिलांचे घर विकून ती रक्कम संस्थेला द्यायची असेल, तर परकीय देणगी कायदा मध्ये येतो. भारतीय पासपोर्ट राखलेल्या मुलाने स्वतःच्या बचतीतून दिलेल्या पैशाला तो लागत नाही. अमेरिकेत घर धर्मादाय ट्रस्टमध्ये टाकून त्यातून आयुष्यभर उत्पन्न घेण्याची आणि वर करसवलत मिळवण्याची रीत आहे. तिकडून माहिती वाचून इथे तशी विचारणा करणाऱ्यांना तसे चौकटबद्ध साधन आपल्याकडे नाही, एवढेच सांगावे लागते.

घर न्यासाच्या नावे झाले की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अहवाल द्यायचा असतो. तो मंजूर झाल्यावर मालमत्ता परिशिष्ट-१ वर, म्हणजे न्यासाच्या सरकारी नोंदवहीत, चढते, आणि तिथून पुढे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० चे कलम ३६ लागू होते : आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विक्री, अदलाबदल, बक्षीस किंवा बिगरशेती जागेचा तीन वर्षांवरचा भाडेपट्टा करता येत नाही. कलम दात्याच्या बाजूचे आहे, पण परवानगी देताना आयुक्त पाहतात तो न्यासाचा फायदा. दात्याच्या मनात काय होते ते कागदावर असेल तरच दिसते. मॉडेल कॉलनीतल्या जैन विद्यार्थी वसतिगृहाच्या जागेच्या विक्रीला मिळालेली परवानगी ऑक्टोबर २०२५ मध्ये आंदोलनानंतर रद्द झाली. तेव्हापासून पुण्यातले दाते बक्षीसपत्राच्या मसुद्यात ‘विकू नये’ किंवा ‘विकल्यास रक्कम फक्त घरबांधणीला वापरावी’ असे एक वाक्य घालून घेतात की नाही, हे वकिलाला विचारण्यासारखे झाले आहे. यांपैकी दुसरे वाक्य संस्थेला पाळता येते. पहिले घातले, की गळकी टाकी आणि थकलेला मिळकतकर घेऊन तो फ्लॅट तिच्या गळ्यात राहतो.