लिन काउंटी (आयोवा) : आपत्ती-जोखमीचे मूल्यमापन

लिन ही अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील आयोवा राज्याची एक काउंटी. सीडर नदीकाठचे सीडर रॅपिड्स हे तिचे प्रमुख शहर. लोकसंख्या २,३०,२९९ (२०२०). पूर, टोर्नेडो, गारपीट, हिमवादळ, अवर्षण यांपैकी काय, कुठे, किती वेळा येऊ शकते आणि त्याच्या तडाख्यात कोण सापडेल, याचा अंदाज बांधणे म्हणजे जोखीम मूल्यमापन. कागदोपत्री ते स्वेच्छेचे असले, तरी २००० च्या केंद्रीय कायद्यामुळे ते टाळणे महागात पडते. दर पाच वर्षांनी नवा केलेला व ‘फेमा’ या केंद्रीय आपत्ती संस्थेने मान्य केलेला आराखडा नसेल, तर आपत्तीची झळ कमी करण्यासाठीची बहुतेक अनुदाने मिळत नाहीत.

फेमाचा राष्ट्रीय जोखीम निर्देशांक १८ प्रकारच्या संकटांचा विचार करतो. संकटाच्या वाटेत असलेली मालमत्ता व माणसे, वर्षाकाठची वारंवारता आणि पूर्वीच्या नुकसानीचे प्रमाण यांचा गुणाकार करून अपेक्षित वार्षिक हानी काढतात; मग लोकांची सामाजिक दुर्बलता आणि सावरण्याची क्षमता जमेस धरतात. गणित सोपे आहे. अडचण आहे ती जुन्या नोंदींवर विसंबण्यात, आणि लिन काउंटीइतके तिचे ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

सीडर रॅपिड्स येथे नदीने १२ फुटांची पातळी ओलांडली की पूर मानतात. १८५१ आणि १९२९ मध्ये पाणी सुमारे २० फुटांवर गेले होते. दीडशे वर्षांत तेवढीच मजल. १३ जून २००८ रोजी ते ३१.१२ फुटांवर पोहोचले. ज्याची शक्यता वर्षाला अवघी ०.२ टक्के धरतात, त्या ‘पाचशे वर्षांतील’ पुराच्या नकाशाबाहेरही पाणी पसरले. अशा नावांनी फसगत होते, हे येथे सांगायला हवे : ‘शंभर वर्षांतील’ पूर म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता, आणि तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के भरते. शहराचे नगरगृह, काउंटीचे न्यायालय आणि तुरुंग नदीपात्रातल्याच मेज बेटावर होते. तिन्ही पाण्यात गेले. त्यामुळे आपत्तीत चालू राहिल्याच पाहिजेत अशा इमारती कोठे आहेत, हा प्रश्न घरांच्या मोजणीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

पुराला निदान नकाशावर रेषा आखता येते. वाऱ्याला तीही नाही. १० ऑगस्ट २०२० रोजी डेरेचो, म्हणजे शेकडो किलोमीटर सरळ रेटत जाणारे मेघगर्जनेचे वादळ, काउंटीवरून गेले. सीडर रॅपिड्स परिसरात वाऱ्याचा कमाल वेग ताशी सुमारे २२५ किमी. असल्याचा अंदाज आहे. शहराने निम्म्याहून अधिक वृक्षाच्छादन गमावले आणि पालो येथील अणुवीज केंद्राचे शीतकरण मनोरे मोडले. ते केंद्र त्याच वर्षी बंद व्हायचे होते. ते पुन्हा सुरू न करता आधीच बंद ठेवण्यात आले. राष्ट्रीय निर्देशांकात डेरेचोला स्वतंत्र रकाना नाही. तो ‘जोरदार वारा’ या सर्वसाधारण शीर्षकाखाली येतो. त्या शीर्षकात फांद्या मोडणारे नेहमीचे वारेही असल्याने सरासरीत असे वादळ सहज दडून जाते.

२००८ नंतर शहराने पूरक्षेत्रातील तेराशेहून अधिक मालमत्ता विकत घेतल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये नदी पुन्हा सुमारे २२ फुटांवर चढली, तेव्हा वाळूने भरलेल्या तात्पुरत्या भिंतींनी पाणी बरेचसे अडवले. कायमस्वरूपी पूरसंरक्षणाची आखणी २००८ ची पातळी धरून केलेली आहे.