पार्श्वभूमी : छाती दाबायला शिकणं एमबीबीएसच्या पहिल्या महिन्यात कसं आलं

हृदय थांबलेल्या माणसाला वाचवण्यासाठी त्याची छाती कशी दाबायची, हे एमबीबीएसला नुकताच प्रवेश घेतलेली मुलं आता पहिल्याच महिन्यात, गुडघे टेकून, मॅनिकिनवर म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर शिकतात. त्यांच्या आधी कित्येक जण हे इंटर्नशिपमध्ये, कॅज्युअल्टीत, सीनियरचं बघून शिकले. म्हणजे थेट रुग्णावर. हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

१९५८ च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये गाय निकरबॉकर हे तरुण इंजिनिअर कुत्र्यांवर डीफिब्रिलेटरचे, म्हणजे हृदयाला विजेचा शॉक देणाऱ्या यंत्राचे, प्रयोग करत होते. त्याची जड पॅडल छातीवर दाबून धरली की शॉक देण्याआधीच रक्तदाबाची रेघ थोडी वर सरकते, हे त्यांच्या नजरेनं टिपलं. तोवर थांबलेलं हृदय चालवायचं तर बहुधा छाती उघडून ते हातानं दाबावं लागे. ऑपरेशन थिएटरबाहेर ते कोण करणार? १९६० मध्ये निकरबॉकर, इंजिनिअर कोवेनहोवेन आणि सर्जन ज्यूड यांचा छाती न उघडता बाहेरून दाबण्याबद्दलचा शोधनिबंध आला. त्यांनी लिहिलं की हे कुणालाही, कुठेही सुरू करता येईल, लागतात ते फक्त दोन हात. तोंडानं श्वास देण्याची पद्धत भूलतज्ज्ञ पीटर सफार यांनी त्याच शहरात आधीच पडताळली होती. दोन्ही जोडून सीपीआर झालं, म्हणजे थांबलेलं हृदय आणि श्वास यांवरचा तातडीचा उपाय.

पण शिकवायचं कसं? धडधाकट माणसाची छाती पाच सेंटिमीटर दाबता येत नाही, बरगडी मोडेल. नॉर्वेत खेळणी बनवणाऱ्या ओस्मुंड लेर्डाल यांनी प्लास्टिकची मोठी बाहुली केली, सफार यांच्या सांगण्यावरून छातीत स्प्रिंग बसवली. कोपर ताठ ठेवून खांद्यांचा भार टाकला नाही तर ती स्प्रिंग हलत नाही. वर्गात कितीही वाचलं तरी हे तिथेच कळतं.

'कुणालाही' असं म्हटलं असलं तरी १९६६ च्या सीपीआरवरच्या अमेरिकी परिषदेनं प्रशिक्षणाची शिफारस केली ती वैद्यकीय आणि तत्सम कर्मचाऱ्यांसाठी. सामान्य लोकांना शिकवण्याची शिफारस १९७३ च्या परिषदेत झाली.

आपल्याकडे भूलतज्ज्ञांनी पुढाकार घेतला. २०१७ मध्ये भारतीय परिस्थितीला धरून मार्गदर्शक सूचना आल्या, त्यात सामान्य माणसानं श्वास न देता फक्त छाती दाबावी असं सांगितलं, डॉक्टरांसाठी वेगळे टप्पे ठेवले. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या महिन्याच्या फाउंडेशन कोर्समध्ये प्रथमोपचार आणि बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट, ज्यात सीपीआर येतं) आलं. पुढे भूलशास्त्रात प्रौढ, मुलं आणि नवजात बाळ यांच्यासाठी ते पुन्हा करून दाखवावं लागतं.

या दोन टप्प्यांमध्ये मात्र बराच काळ जातो. तीस दाब, दोन श्वास हे डोक्यात राहतं. दाबाची खोली आणि मिनिटाला १०० ते १२० ची लय हात काही महिन्यांतच विसरायला लागतात. म्हणून मधल्या सेमिस्टरांमध्येही मॅनिकिनवर सराव करायच्या स्किल लॅबचं दार मुलांसाठी उघडं राहायला हवं.