वॉर्डातलं जेवणाचं टेबल

‘सलाइन लावा, चार दिवस दाबून खाऊ घाला, उतरेल खूळ.’ अॅनोरेक्सियाने, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडायला लावणाऱ्या मानसिक आजाराने, वाळलेल्या मुलीच्या खाटेशी कुणीतरी हे हमखास बोलतं. दृष्ट काढणारेही असतात. मीठ-मोहरीने थेट अपाय होत नाही, फक्त डॉक्टरकडे जायला उशीर होतो. दाबून खाऊ घालणं मात्र जिवावर बेतू शकतं.

उपाशी शरीर मुख्यतः चरबीवर चालतं, इन्सुलिन खाली गेलेलं असतं. पेशींमधलं फॉस्फेट हे खनिज आटत जातं, पण रक्तातलं प्रमाण ठीक दिसत राहतं. रिपोर्ट पाहून घरचे निर्धास्त. अशात एकदम भरपूर भात-साखर पोटात गेली की इन्सुलिन उसळतं आणि ग्लुकोज पेशींत शिरतं. शिरताक्षणी त्याला एक फॉस्फेट चिकटवावं लागतं, नाहीतर ते पुढे वापरताच येत नाही. त्यातून जे एटीपी, म्हणजे पेशींचं इंधन, बनतं, त्याच्या प्रत्येक रेणूत फॉस्फेटचे तीन गट. एवढं आणायचं कुठून? रक्तातून. पोटॅशियम, मॅग्नेशियमही त्याच ओढीने आत जातात. मग हृदयाची लय बिघडते, श्वासाचे स्नायू थकतात. हा रिफीडिंग सिंड्रोम. दुसऱ्या महायुद्धात उपासमारीतून वाचलेले काही कैदी सुटकेनंतर पोटभर जेवून दगावले, ते यामुळेच.

म्हणून आहार बेताबेताने वाढवायचा, सुरुवातीला रोज रक्त तपासायचं, बी-१ जीवनसत्त्व द्यायचं. मुक्काम अनेकदा आठवड्यांचा होतो, आणि मग खोली कशी आहे याला महत्त्व येतं.

१९४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ आन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. भर उन्हाळ्यात ते पांघरुणं मागू लागले, ताटातलं तासन्‌तास चिवडू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, माणसांना टाळू लागले. यांतलं एकही लक्षण ‘नखरा’ नव्हतं. तेव्हा वॉर्डातला एसी आधी कमी करा. हाडं टोचतात, खुर्चीवर जाड उशी ठेवा. उपासमारीत नाडी मंदावते. मॉनिटर रात्रभर केकाटत असेल, तर अलार्मची मर्यादा त्या मुलीला बेतून डॉक्टरांनी ठरवावी. बऱ्याच ठिकाणी काट्याकडे पाठ करून वजन घेतात. जेवायला नर्सनेही सोबत बसावं आणि गप्पा सिनेमाच्या माराव्यात, कॅलरींच्या नव्हे. जेवणानंतर, लपून उलटी केली जाऊ नये म्हणून, बाथरूमच्या दाराशी थांबावं लागतं, ते अवघडच. पण का थांबतोय हे आधीच सांगितलं तर अपमान थोडा कमी वाटतो.

‘भिंतीला फिकट हिरवा द्या, रुग्ण बरा होईल’ हे मात्र विक्रेत्यांचं बोलणं. खोलीचा रुग्णावर काय परिणाम होतो याचा १९८४ चा रॉजर उलरिच यांचा प्रसिद्ध अभ्याससुद्धा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या फक्त ४६ रुग्णांचा होता. खिडकीतून झाडं दिसणारे, नुसती भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी एक दिवसही लवकर घरी गेले नाहीत, जेमतेम पाऊण दिवस. झाड दिसावं, जरूर. त्यावर आजार सोपवू नये.

आपल्याकडे खरी अडचण भेटीच्या वेळेची. ‘किती वाळलीस गं’ म्हणणारी मावशी तरी परवडली. महिन्याने येऊन कौतुकाने ‘आता कसं छान अंग धरलंय!’ म्हणणाऱ्या काकू गेल्या की संध्याकाळचं ताट तसंच परत जातं.