केदारनाथ ते रामेश्वर: सरळ रेषेचा खुलासा

केदारनाथ ते रामेश्वर सगळी प्रमुख शिवमंदिरं ७९ अंश ४१ मिनिटं रेखांशाच्या एकाच सरळ रेषेत आहेत, असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय.

तपासणं सोपं आहे. मोबाइलच्या नकाशात मंदिरावर बोट दाबून धरा. दोन आकडे दिसतील, त्यातला दुसरा रेखांश. तो दशांशात असतो; मजकुरातले ७९ अंश ४१ मिनिटं म्हणजे ७९.६८. केदारनाथ ७९.०७, सिरोंचापलीकडचं कालेश्वर ७९.९१, चिदंबरम ७९.६९, रामेश्वर ७९.३२, तिरुवानैकावल ७८.७१. या भागात रेखांशाचा एक अंश म्हणजे साधारण शंभर किलोमीटर. म्हणजे कालेश्वर आणि तिरुवानैकावल या दोन टोकांत पूर्व-पश्चिम सव्वाशे किलोमीटरचं अंतर पडतं. देशाच्या छोट्या नकाशावर तेवढं जाणवत नाही, म्हणून रेष खरी वाटते.

काही जुळणी मात्र खरी आहे. श्रीकाळहस्ती, कांचीपुरम आणि चिदंबरम जवळपास एका रेखांशावर येतात. केदारनाथ आणि तिरुवण्णामलैही. पण ज्या दोन-तीन जोड्या जुळतात त्याच मजकुरात ठळक होतात, उरलेली मंदिरं त्यांच्यामागे ओढली जातात.

याच मंदिरांपैकी पाच मंदिरांत शिवाला एकेका महाभूताच्या रूपात पुजतात, ती पंचमहाभूतांची परंपराही खरीच: कांचीला पृथ्वी, तिरुवानैकावलला जल, तिरुवण्णामलैला अग्नी, काळहस्तीला वायू, चिदंबरमला आकाश. केदारनाथ आणि रामेश्वर ही ज्योतिर्लिंगं, त्या पाचांत नाहीत.

मला या रेषेपेक्षा तिरुवण्णामलैची प्रदक्षिणा कितीतरी मोठी वाटते. तिथे अरुणाचल डोंगरच शिवरूप मानतात. भाविक पौर्णिमेच्या रात्री अनवाणी, सुमारे १४ किलोमीटर त्याच्याभोवती चालतात. जसा तिथे डोंगर, तशी केदारनाथलाही गाभाऱ्यात घडवलेली मूर्ती नसून ओबडधोबड त्रिकोणी शिळाच पुजली जाते.