तोंड हलतं, आवाज कुठे जातो?

मे महिना, जळगाव, बाहेर ४५ अंश. हॉलमध्ये कूलर घरघरत होता. मामांनी कपाटातला जुना डीव्हीडी प्लेअर काढून लाल-पांढरी वायर टीव्हीला जोडली. पिक्चर सुरू झाला. पाऊस ऐकू येत होता, घोड्याच्या टापाही. पण हिरो बोलायला लागला की नुसतं तोंड हलायचं. "काय बोली राहिना तो?" मोठी मायनं विचारलं. मामांनी आवाज वाढवला, तर पाऊसच वाढला.

डिस्क चांगली होती, पण तिच्यावरचा आवाज ५.१ होता. ५.१ म्हणजे आवाजाचे सहा वेगळे चॅनेल: पुढे डावा, मधला, उजवा, बाजूला-मागे दोन, आणि '.१' हा फक्त खर्जासाठी. संवाद बहुतेक मधल्यात ठेवतात. थिएटरात कडेच्या खुर्चीवर बसलात तरी बोलणं पडद्यावरूनच आल्यासारखं वाटतं. प्लेअरच्या पाठीला सहा भोकं होती, सेटिंग ५.१ वर, आणि आमची वायर फक्त पुढच्या डाव्या-उजव्याला. मधल्या भोकात काहीच नव्हतं.

सेटिंग 'स्टिरिओ' केलं. आता प्लेअर मधला आवाज ३ डेसिबल उतरवून दोन्हीकडे देतो. ३ डेसिबल म्हणजे निम्मी शक्ती. दोन निम्मे मिळून पुन्हा एक. खर्जाचा चॅनेल मात्र या वाटणीत बहुधा टाकूनच देतात.

हिरो बोलायला लागला, तरी मोठी मायची कुरकुर चालूच. कुजबुज ऐकू येईना आणि मारामारीत भिंती हादरायच्या. हा दोष म्हणावा तर दोष, नाहीतर नुसता जागेचा फरक. थिएटरात प्रत्येक मुख्य स्पीकर ८५ डेसिबलवर जुळवतात आणि वर २० डेसिबलची मोकळीक ठेवतात, म्हणजे धमाका १०५ पर्यंत जाऊ शकतो. घरी एवढा आवाज कोण लावतो? समजा, आपण सगळंच २० डेसिबल खाली घेतलं. थिएटरातली ६० ची कुजबुज आता ४० वर आली, म्हणजे थेट कूलरच्या घरघरीखाली. काही निर्माते घरासाठी वेगळं मिक्सिंग करून घेतात; सगळे नाही.

यावर तोडगा डिस्कमध्येच असतो. डॉल्बी डिजिटल ही डिस्कवर आवाज साठवायची एक पद्धत; तिच्यात आवाजासोबत, तो कुठे दाबायचा आणि कुठे उचलायचा, याच्या सूचनाही भरलेल्या असतात. 'नाइट मोड' लावला की प्लेअर त्या पाळतो.

मामा रिमोटवर ते बटण शोधत होते, तोवर मोठी मायनं उठून कूलरच बंद केला. पाच मिनिटं शब्दन् शब्द ऐकू आला. मग मामांचं बनियन भिजलं आणि कूलर पुन्हा सुरू झाला.