शॉट पीनिंगची यंत्रे आणि पट्टीचा निवाडा

वाळूचा झोत मारून धातू साफ करण्याच्या यंत्राचे पेटंट 1870 चे. पुढची कित्येक दशके या यंत्रांचे काम एवढेच: गंज काढायचा, ओतकामाची वाळू झाडायची. 1930 च्या सुमारास अमेरिकी मोटार उद्योगात व्हॉल्व्ह स्प्रिंगांच्या बाबतीत एक गोष्ट नजरेस आली. शॉट, म्हणजे धातूच्या बारीक गोळ्या, मारून साफ केलेल्या स्प्रिंगा लवकर तुटत नव्हत्या. पृष्ठभागाखाली दाबाचा थर तयार होतो आणि तो भेगेला तोंड उघडू देत नाही, हे स्पष्टीकरण नंतर आले. असा थर मुद्दाम आणण्यासाठी शॉट मारणे म्हणजे पीनिंग.

सफाईच्या यंत्राला पीनिंगचे यंत्र व्हायला मात्र वेळ लागला, आणि अडचण होती शॉटच्या तुकड्यांची. सफाईत फुटलेला शॉट चालतो. टोकदार तुकडा गंज उलट लवकर खरवडतो. पीनिंगमध्ये तोच तुकडा पृष्ठभागावर ओरखडा पाडतो आणि भेग तिथूनच सुरू होते. म्हणून यंत्राला चाळण्या जोडल्या गेल्या, मळसूत्री उताराचे विभाजक आले. त्यावरून गोल शॉट वेगाने घरंगळत बाहेरच्या कडेला जातो, तुकडे आतल्या बाजूने रेंगाळत उतरतात. शॉट फेकणारे चाक कमी शक्तीत भरपूर माल फेकते, म्हणून स्प्रिंगा आणि गिअरांसाठी ते रुळले. भोकांच्या आत आणि अवघड कोपऱ्यांत पोचायला हवेच्या दाबाचे नोझलच लागले.

खरा वाद यंत्राचा नव्हता, मोजमापाचा होता. पीनिंग नीट झाले की नाही हे भागाकडे पाहून कळत नाही आणि तो कापून तपासला तर वापरता येत नाही. 1940 च्या दशकात यावर तोडगा निघाला: भाग मोजायचाच नाही. स्प्रिंग स्टीलची 76 मिमी लांब, 19 मिमी रुंद पट्टी चार स्क्रूंनी ठोकळ्यावर आवळायची, एका बाजूने शॉट मारायचा, सोडवून तिची कमान मोजायची. वेळ दुप्पट केल्यावरही कमान 10 टक्क्यांहून जास्त वाढत नसेल, तर पट्टी ‘सॅच्युरेट’ झाली, आणि ती कमान म्हणजे त्या मांडणीची इंटेन्सिटी, झोताच्या माराची तीव्रता. पट्टी स्वस्त, मापन मिनिटांचे. कारखान्यांनी हा मार्ग उचलला यात नवल नाही.

पण पट्टी झोताबद्दल बोलते, भागाबद्दल नाही. मोठा शॉट सावकाश मारा किंवा लहान शॉट जोरात, कमान सारखीच येऊ शकते. दाबाचा थर मात्र दोन्हींत सारखा असेलच असे नाही. त्यात पट्टी सॅच्युरेट झाली म्हणजे भागही पूर्ण झाकला गेला, हा समज अजून सुटलेला नाही. भाग पट्टीपेक्षा कठीण असेल तर खळगे लहान पडतात आणि झाकायला जास्त वेळ लागतो.

कव्हरेजच्या, म्हणजे पृष्ठभागाचा किती भाग खळग्यांनी झाकला याच्या, टक्क्यांनी गोंधळात भरच घातली. शॉट कुठेही पडतो. एका फेरीत निम्मा पृष्ठभाग झाकला, तर दुसरीत 75 टक्के होतो आणि सहाव्या फेरीनंतरही 98.4 टक्क्यांवरच असतो. शेवटचे ठिपके भरायला वेळ फार जातो, म्हणून भिंगातून 98 टक्के दिसले की पूर्ण म्हणायचे ठरले. तिथवर ठीक. पुढे ‘200 टक्के’ आले. त्याचा अर्थ एवढाच की 100 टक्क्यांना लागला त्याच्या दुप्पट वेळ. मापाच्या जागी वेळ बसवून त्यालाही टक्केच म्हणण्याचा हा निर्णय सोयीचा असेल, चांगला नव्हता. ड्रॉइंगवर जास्त आकडा लिहिला की भाग जास्त मजबूत, असे वाटू लागते; प्रत्यक्षात अतिरेकी पीनिंगने पृष्ठभागावर घड्या आणि सूक्ष्म भेगा पडू शकतात.

यंत्रांची नंतरची वाटचाल बरीचशी या पट्टीभोवतीच फिरली. संगणकाचे नियंत्रण आले तसे हवेचा दाब, शॉटचा प्रवाह, नोझलची चाल यांची सतत नोंद होऊ लागली. मर्यादा ओलांडली की यंत्र थांबते. ओतीव शॉटच्या जोडीला तारेचे तुकडे गोल करून केलेला शॉट आणि सिरॅमिकचे मणी आले. विमानाच्या पंखांचे पत्रे तर पीनिंगनेच वाकवून आकाराला आणले जातात. पट्टीची जी कमान नुसती मापायची होती, तीच इथे काम करते.

लेझर पीनिंगमध्ये शॉटच नाही. लेझरच्या स्पंदाने उठलेल्या आघात-लाटेने थर दाबला जातो, बहुधा मिलिमीटरभर किंवा त्याहून खोल. तिथे झोत नाही, चाळणी नाही, आणि प्रक्रिया सांगायची ती दर चौरस सेंटिमीटरला किती गिगावॉट आणि स्पंदांचे किती थर, अशी. शॉटच्या यंत्रांवर मात्र काम सुरू करण्याआधी पट्टी आवळली जातेच.